कणा उशिरा उत्तर देतो

आजच्या प्रवासात तुम्ही मणक्याचे सर्जन आहात. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, ऑर्थोपेडिक्समधल्या एमएसची तीन आणि त्यावर स्पाइनची फेलोशिप, एवढं सगळं तुमच्या हातात मुरलेलं आहे. ते हात आणि डोक्यातलं ज्ञान तेवढं बरोबर न्यायचं. एमआरआय, सी-आर्म, मायक्रोस्कोप, भूलतज्ज्ञ, सगळं इथंच ठेवायचं. ज्या काळात उतराल तिथं जे मिळेल त्यावर भागवायचं.

आणखी एक अट आहे. जमेल त्या मुक्कामी दोनदा जायचं. एकदा उपचार चालू असताना आणि एकदा काही वर्षांनी, त्या पेशंटचं पुढं काय झालं ते बघायला. अपेंडिक्स काढलं की आठवड्याभरात निकाल कळतो. मणक्याचा निकाल लागायला कधी कधी वीस वर्षं जातात. तोवर सर्जनची बदली झालेली असते, पेशंटनं गाव बदललेलं असतं आणि केसपेपर कुठल्यातरी गोदामात असतो. तुम्हाला मात्र आज ती सोय आहे. चला.

नाईलकाठ, इ. स. पू. सुमारे १६००

चटईवर एक माणूस उताणा पडलाय. दगड ओढणारा मजूर असावा. कमरेत लचक भरलीय. वैद्य त्याला पाय सरळ करायला सांगतो. तो करतो आणि क्षणात कळवळून पाय परत जवळ घेतो. तुम्ही चमकता. कारण पाय सरळ ठेवून उचलायचा आणि कळ कुठं येते ते बघायचं, ही तपासणी तुम्ही रोज ओपीडीत करता.

शेजारी लेखनिक पपायरसवर काळ्या आणि लाल शाईनं लिहितोय. डोक्यापासून खाली येत येत सत्तेचाळीस दुखणी लिहून झालीत, हे अठ्ठेचाळिसावं. प्रत्येक दुखण्याखाली तीनपैकी एक निवाडा असतो: यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपचार करण्यात अर्थ नाही. थोडं मागचं वाचलंत तर मान निखळलेला एक माणूस सापडेल. त्याला हातपाय जाणवत नाहीत, लघवी थेंब थेंब गळतेय. त्याच्यापुढं तिसरा निवाडा आहे. तुमच्याजवळ आज काहीच सामान नाही, त्यामुळं त्या वैद्याशी वाद घालायला तुम्हालाही तोंड नाही.

या कंबरवाल्याला मात्र पहिला निवाडा मिळालाय. वैद्य सांगतो, ह्याला पाठीवर झोपव आणि मग ह्याच्यासाठी… आणि लेखनिक वाक्याच्या मधेच थांबतो. तो पुढं लिहीतच नाही. हाच पपायरस १८६२ मध्ये लक्सरला एडविन स्मिथ नावाचा अमेरिकन माणूस विकत घेईल, १९३० मध्ये जेम्स ब्रेस्टेड त्याचा अनुवाद छापेल, आणि तरीही ते वाक्य अर्धंच राहील. इथली दुसरी फेरी फुकट जाते. त्या मजुराचं काय झालं, याची नोंदच नाही.

एक ग्रीक गाव, इ. स. पू. सुमारे ४००

चौकात गर्दी आहे. एका कुबड आलेल्या मुलाला शिडीला बांधलंय. खाली गाद्यागिरद्या लावल्यात, छातीला, कमरेला, पायांना पट्टे आवळलेत. घराच्या आढ्यापर्यंत शिडी दोरानं वर चढवतात आणि एकदम सोडतात. खाली आदळताना बसणाऱ्या हिसक्यानं कुबड सरळ होईल, असा हिशेब. कुबड मानेजवळ असेल तर माणूस पायांवर उभा बांधायचा, खाली कमरेकडं असेल तर डोकं खाली. शिडी आदळते, लोक ओरडतात, वैद्याला पैसे मिळतात.

त्या गर्दीत कॉस बेटावरचा हिपोक्रेटिसही उभा असेल असं समजा. सांध्यांवरच्या त्याच्या ग्रंथात या शिडीचं सगळं वर्णन आहे. ज्यानं ही युक्ती पहिल्यांदा काढली त्याचं तो कौतुक करतो. पण ती वापरणाऱ्या त्याच्या काळच्या वैद्यांवर मात्र चिडलेला आहे. लोकांचे डोळे दिपवायला हे लोक शिडी उभारतात आणि नंतर पेशंटचं काय झालं ते बघायला फिरकत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याला स्वतःला लाकडी बाकावर पालथं झोपवून काखेतून आणि पायांकडून ताण द्यायचा आणि त्याच वेळी कुबडावर तळव्यानं दाब द्यायचा, हे जास्त पटतं.

गर्दी पांगल्यावर त्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवा. कुबड टोकदार आहे, दोनतीन मणकेच बसलेत, कडेला थोडी मऊ सूज लागते. तुम्हाला लगेच कळतं की हा टीबी आहे. हाड आतून पोखरलंय, त्यावर शिडी आदळणं म्हणजे उरलेलं हाडही चेचणं. काही महिन्यांनी परत या. कुबड तसंच आहे, आणि आता त्याच्या पायांतली ताकदही गेलीय. वैद्य केव्हाच पुढच्या गावी गेला.

लंडन १७७९, न्यूयॉर्क १९११

सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलात पर्सिव्हल पॉट या सर्जनच्या मागं तुम्ही वॉर्डातून फिरता. कुबड आणि पायांचा लकवा एकाच आजाराची दोन रूपं आहेत, हे तो १७७९ मध्ये लिहून छापतो. उपचार म्हणून कुबडाच्या दोन्ही बाजूंना दाहक औषधानं जखम करून ती वाहती ठेवतो. रोगाचा जंतू सापडायला अजून शंभर वर्षं आहेत. रॉबर्ट कॉख तो १८८२ मध्ये दाखवेल. तोपर्यंत जगभरचे डॉक्टर या दुखण्याला पॉटचंच नाव देतील. तुम्हीही परीक्षेत तेच लिहिलंत.

आता एकदम न्यूयॉर्कला, १९११. न्यूयॉर्क ऑर्थोपेडिक हॉस्पिटलात रसेल हिब्ज पालथ्या झोपवलेल्या मुलाच्या पाठीवर काम करतोय. मणक्यांच्या मागच्या हाडाचे पातळ पापुद्रे सोलून तो शेजारच्या मणक्यावर वाकवून बसवतो. पापुद्र्याला पापुद्रा भिडला की हाड जुळून येईल, रोगानं पोखरलेले मणके एकमेकांवर हलणार नाहीत आणि कुबड वाढायचं थांबेल. त्याच वर्षी फ्रेड अल्बी नडगीचं हाड काढून पाठीत बसवतोय. एकही स्क्रू नाही, एकही सळई नाही. मग प्लास्टर आणि महिनोन्‌महिने अंथरूण.

तुम्हाला हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण तुमच्या कारकिर्दीतला निम्मा वेळ याच एका कामात जाणार आहे. तुम्ही कितीही महागडं टायटॅनियम बसवलंत तरी शेवटी हाड हाडाला जुळावं लागतं. धातू फक्त तोवर धरून ठेवतो.

दुसरी फेरी १९४१ ची. अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनची समिती, हेच हाड जुळवायचं ऑपरेशन, म्हणजे फ्यूजन, केलेल्या वाकड्या पाठींच्या शेकडो केसेस तपासते. कितीतरी ठिकाणी हाड जुळलेलंच नाही. कितीतरी पाठी पुन्हा वाकड्या झाल्यात. समितीनं ते कटू निष्कर्ष छापून टाकले.

बॉस्टन, १९३२

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल. एका तरुणाच्या पायात कंबरेपासून खाली कळ जातेय, काही केल्या थांबत नाही. टेबलाशी दोघं उभे आहेत: विल्यम मिक्स्टर, मेंदू आणि मज्जातंतूंचा सर्जन, आणि जोसेफ बार, हाडांचा. हे दोघं एका टेबलाशी आहेत हीच मोठी गोष्ट. मणक्याचा पेशंट ऑर्थोचा की न्यूरोचा, हा वाद तुमच्या हॉस्पिटलात आजही कॉफीच्या वेळी रंगतो.

नसेवर दाब देणारा एक पांढरट, लिबलिबीत तुकडा निघतो. अशा तुकड्यांना तेव्हा कूर्चेची गाठ, म्हणजे ट्यूमर म्हणायची पद्धत होती. बारच्या मनात मात्र शंका येते. जर्मनीत ड्रेस्डेनला ख्रिस्टियन श्मोर्ल यानं हजारो मृतदेहांचे मणके कापून पाहिले होते आणि बारनं ते काम नुकतंच वाचलेलं होतं. हा तुकडा त्याला ओळखीचा वाटतो. दोघं जाऊन हॉस्पिटलच्या संग्रहातले जुने नमुने काढतात आणि ट्यूमर म्हणून नोंद झालेले तुकडे एकेक करून पुन्हा बघतात. त्यांतले बरेचसे ट्यूमर नव्हतेच. दोन मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आलेली होती.

१९३४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा लेख न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये येतो आणि सायटिकाला पहिल्यांदा कापून काढता येईल असं कारण मिळतं. जुन्या बरण्या उघडायची तयारी नसती तर हा शोध लागला नसता.

आता या मुक्कामाच्या दुसऱ्या फेऱ्या करा, कारण इथं एकीनं भागत नाही. पुढच्या काही दशकांत डिस्कचं ऑपरेशन जगभर पसरतं. पायात कळ म्हणजे डिस्क, आणि डिस्क म्हणजे ऑपरेशन, असा साधा हिशेब होऊन बसतो. मग १९९० येतं. पाठ कधी दुखलीच नाही अशा ६७ माणसांचे एमआरआय काढले जातात आणि सुमारे एकतृतीयांश लोकांच्या फिल्ममध्ये ठळक बिघाड दिसतो. ठणठणीत माणसाच्या पाठीतही गादी सरकलेली असू शकते. २००७ मध्ये नेदरलँड्समधून सायटिकाच्या २८३ पेशंटचा अभ्यास येतो: लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षभरानंतर ऑपरेशनसाठी थांबलेले आणि न थांबलेले जवळजवळ सारख्याच स्थितीत होते. मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलेला आजार खरा होता. किती जणांना त्यासाठी कापायचं, हे ठरायला सत्तर वर्षं लागली.

ह्यूस्टन, १९५० चं दशक

जेफरसन डेव्हिस हॉस्पिटलचा वॉर्ड पोलिओच्या मुलांनी भरलाय. पाठीचे स्नायू एका बाजूनं लुळे पडल्यामुळं कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलाय, फासळ्या फुप्फुसांवर चढल्यात. प्लास्टरचं जाकीट घातलं तर मुलाला श्वास घेता येत नाही, न घातलं तर पाठ आणखी वाकते. पॉल हॅरिंग्टन नावाचा सर्जन स्टीलची सळई आणि दोन हुक घेऊन आत येतो. एक हुक वरच्या मणक्यात, एक खालच्या. सळईच्या टोकाला खाचा पाडलेल्या आहेत. अवजारानं वरचा हुक एकेक खाच वर सरकवायचा. कट्, कट्, कट्, आणि तुमच्या डोळ्यांसमोर वाकलेली पाठ उघडत जाते.

पहिली काही वर्षं हाड न जुळवता नुसत्या सळईवर भरवसा होता. सळया मोडल्या, हुक निसटले. हॅरिंग्टननं त्या मोडलेल्या सळयांवरून धडा घेतला आणि सळईसोबत फ्यूजन जोडलं. १९६२ मध्ये त्याचं तंत्र छापून आलं आणि वाकड्या पाठीची सर्जरी कायमची बदलली.

इथली दुसरी फेरी ऐंशीच्या दशकात करा. सळईवाली मुलगी आता चाळिशीला टेकलीय. पाठ समोरून बघितली तर सरळसोट. बाजूनं बघा. कमरेला आत जाणारा जो नैसर्गिक बाक असतो, तो सळईनं ताणून सपाट केलाय. ती पुढं झुकून चालते. मान वर धरायची तर गुडघे वाकवावे लागतात. दिवसाच्या शेवटी कंबर आणि मांड्या ठणकतात. या दुखण्याला नंतर फ्लॅट बॅक म्हणू लागले. समोरून सरळ करताना बाजूचा बाक सांभाळायचा असतो, हे सर्जनना या बायकांच्या चालण्यातून कळलं. आज तुम्ही ऑपरेशनआधी उभ्या पेशंटचा बाजूनं पूर्ण पाठीचा एक्सरे काढून कोन मोजता, त्याच्या मागं ह्या बायका आहेत.

लिऑं, फ्रान्स, १९७३

पाठ ताणताना एक भीती कायम असते. आत मज्जारज्जू आहे. तोही ताणला तर? पेशंट बेशुद्ध आहे, त्याला विचारायचं कसं?

पिएर स्टान्यारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग तुम्हाला जवळून बघायला मिळतो. आदल्या संध्याकाळी एका किशोरवयीन मुलीला सांगून ठेवलंय: मधेच तुला जागं करू, दुखणार नाही, आधी हाताची मूठ आवळ आणि मग पाय हलव. आता पाठ उघडी आहे, सळई ताणून बसवलीय. भूलतज्ज्ञ भूल हलकी करतो. तिच्या कानाशी जाऊन नावानं हाक मारतो. थिएटरमध्ये कुणी हालचाल करत नाही. मूठ आवळ, तो सांगतो. मूठ आवळली जाते, म्हणजे तिला ऐकू येतंय. आता पाय. पाय हलले तर तिला पुन्हा गाढ झोपवायचं. मूठ आवळली आणि पाय हलले नाहीत, तर ताण तत्क्षणी सैल करायचा.

मज्जारज्जूला विचारून पुढं जायची ही पहिली पद्धत. आज तुमच्या थिएटरमध्ये एक तंत्रज्ञ कोपऱ्यात संगणकासमोर बसून मेंदूकडून पायाकडं जाणारे विजेचे संकेत सतत बघत असतो. रेषा घसरली की तो तुम्हाला थांबवतो. तरीही ते मशीन शंका घेण्यासारखं वागलं, तर आजही पेशंटला उठवून पाय हलवायला सांगतात.

वाराणसी आणि मद्रास, १९६५ नंतर

आता देशात. टीबीवर औषधं आलीत: स्ट्रेप्टोमायसिन, मग १९५२ मध्ये आयसोनियाझिड. हाँगकाँगला आर्थर हॉजसन छाती किंवा पोटाकडून आत शिरून सडलेले मणके पूर्ण कोरून काढतो आणि जागी हाड बसवतो. ऑपरेशन देखणं आहे, पण त्याला लागणारी भूल, रक्त, वॉर्ड आणि सर्जन इथं किती ठिकाणी आहेत?

बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. एस. एम. तुली दुसरी वाट धरतात. सगळ्यांना औषधं आणि विश्रांती. पायांतली ताकद परत येत नसेल, गळू वाढत असेल, निदानच पक्कं होत नसेल, अशा पेशंटलाच ऑपरेशन. १९७५ मध्ये ते आपले निकाल छापतात. लकवा झालेल्यांपैकीही बरेच जण केवळ औषधांवर चालू लागले होते. त्याच काळात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचण्या कोरिया, ऱ्होडेशिया, हाँगकाँग आणि मद्रासमध्ये चालू होत्या. बहुतेक पेशंट औषधं घेत हिंडतफिरतही बरे होतात, प्लास्टर आणि सक्तीच्या अंथरुणाची गरज नाही, असं त्यातून निघालं.

तुम्हाला बरं वाटतं. कमी कापून जास्त लोक बरे झाले, अशा गोष्टीवर थांबायला कुणालाही आवडेल. पण अट आठवा, दुसरी फेरी करायचीच. मद्रासच्या चाचणीतल्या मुलांना पंधरा वर्षांनी भेटा. टीबी केव्हाच बरा झालाय. काही मुलांची पाठ वाढत्या वयाबरोबर आपोआप सरळ होत गेलीय. काहींचं कुबड मात्र जंतू मेल्यानंतरही, शरीर वाढतंय तोवर, वाढतच राहिलंय. कोइम्बतूरचे डॉ. एस. राजशेखरन यांनी या मुलांचे एक्सरे वर्षानुवर्षं लावून बघितले आणि कुठल्या मुलाची पाठ पुढं वाकणार हे सुरुवातीच्या एक्सरेतच ओळखायच्या खुणा २००१ मध्ये छापल्या. अशा मुलाला लवकर स्थिर करायचं.

हॅरिंग्टनच्या सळईचं बिल वीस वर्षांनी आलं. न कापण्याचंही बिल येतं, आणि तेही उशिरानंच. दोन्ही बिलं ज्यांनी वाचली त्यांनीच हे शास्त्र पुढं नेलं.

हायडलबर्ग, १९७२

एक मुक्काम वाकडी वाट करून. नाईलकाठचा तो मान निखळलेला माणूस आठवा. मज्जारज्जू तुटला तर आजही तुम्ही तो जोडू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे लोक पाठीला पडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं लवकरच मरायचे. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला लुडविग गुटमन यानं त्यांची जबाबदारी घेतली. दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची काळजी घ्यायची, काम द्यायचं आणि खेळायला लावायचं. चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंची त्याची स्पर्धा पुढं पॅरालिम्पिक झाली.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात लढताना गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. सैन्यात ते बॉक्सर होते. उपचार म्हणून पोहायला लागले. १९७२ साली हायडलबर्गला तुम्ही तलावाच्या काठावर उभे आहात. ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, जागतिक विक्रम आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. एका सर्जनच्या चाकूचं यात फारसं काही नाही. ऑपरेशन संपल्यावरही पेशंट आपलाच असतो, एवढं गुटमननं दाखवून दिलं.

पुणे, आज

आता तुमची ओपीडी. सकाळी नऊ वाजता बाकं भरलीत, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एमआरआयची प्लॅस्टिकची पिशवी आहे.

पहिला इंदापूरचा टेम्पोवाला. "डॉक्टरसाहेब, चौथ्या-पाचव्या मणक्यात गॅप आलाय म्हंत्यात. स्क्रू टाकावा लागंल का?" फिल्म तुम्ही बाजूला ठेवता. आधी त्याला टाचांवर चालायला लावता, मग चवड्यांवर. पायाचा अंगठा वर उचलायला लावून त्यावर दाब देता. गुडघ्याचा आणि घोट्याचा झटका बघता. ताकद शाबूत आहे. मग फिल्म. गादी बाहेर आलीय खरी, पण दीडच महिना झालाय आणि कळ कमी होतेय. बाहेर आलेला तुकडा शरीर कित्येकदा स्वतःच शोषून घेतं. "काका, सहा आठवडे थांबू. गोळ्या घ्या, चालत राहा, ओझं उचलू नका. पायाचा पंजा लोंबायला लागला, किंवा लघवी अडली, तर रात्री दोन वाजताही या." त्याची बायको म्हणते, "म्हणजे ऑपरेशन न्हाई?" तिच्या आवाजात सुटका आहे की निराशा, ते तुम्हाला ठरवता येत नाही. काही पेशंटना ऑपरेशन नको म्हटलं की डॉक्टरला काही येत नाही असं वाटतं.

दुसरी सोलापूरची अकरा वर्षांची मुलगी. पाठ दुखतेय, संध्याकाळी ताप, वजन उतरलंय. दोन मणके खाल्ले गेलेत. बायोप्सी पाठवायची, टीबी निघाला तर औषधं सरकारकडून मोफत, वर्षभर तरी चालतील. तुम्ही एक्सरेवर पेन्सिलनं राजशेखरनांच्या खुणा शोधता आणि आईला सांगता की औषधं संपली तरी ती मोठी होईपर्यंत दर वर्षी आणायची. "बरी झाल्यावर पण?" "बरी झाल्यावर तर नक्की."

तिसऱ्याला स्ट्रेचरवरून आणलंय. काल रात्रीपासून लघवी झाली नाही, बसायची जागा बधिर आहे. इथं थांबण्यात काही अर्थ नाही. खालच्या नसांचा सगळा गुच्छच दाबला गेलाय. तासाभरात थिएटर.

शिशाचा एप्रन अंगावर चढवता. दिवसभर तो वागवून आणि मान खाली घालून बहुतेक स्पाइन सर्जनचीच पाठ धरते, हा या धंद्यातला जुना विनोद. पेशंट पालथा, पोट मोकळं लोंबतं ठेवलेलं, म्हणजे पाठीतल्या शिरा फुगत नाहीत आणि रक्तस्राव कमी होतो. सुई टोचून सी-आर्मच्या एक्सरेत बघता आणि खालून वर मणके मोजता. कुणाकुणाला कमरेचे मणके पाचाऐवजी सहा असतात. चुकीच्या मणक्यावर केलेलं ऑपरेशन कितीही सफाईदार असलं तरी उपयोगाचं नाही, म्हणून नर्सही मोठ्यानं मोजते.

कातडी, मग स्नायू हाडावरून सोडवून बाजूला. छोट्या चिमट्यानं हाडाचा कडेचा भाग टिपत जाता. त्याखाली पिवळा, चिवट लिगामेंट. तो उचलला की मज्जातंतूंचं निळसर पांढरं वेष्टण दिसतं आणि बोथट अवजारानं नस हळूच आत सरकवल्यावर खाली अडकलेला तुकडा. तो फाडता कामा नये, नस ताणता कामा नये. चिमट्यात धरून तुम्ही तो ओढता आणि तो सलग बाहेर येतो, सोललेल्या खेकड्याच्या मांसासारखा. मोकळी झालेली नस आपल्या जागी परत येते. रजिस्ट्रार मुलगी डोळे मोठे करून बघतेय. अजून तिच्या वाट्याला फक्त रिट्रॅक्टर धरायचं काम येतंय. पुढच्या वर्षी ती पहिला स्क्रू घालेल. अवजारानं हाडात वाट करून, टोकाला गोळी असलेल्या सळईनं आतल्या चारही भिंती आणि तळ चाचपून, मगच. भिंत कुठं फुटली तर बोटांना कळतं. तिचीही बोटं ते शिकतील, वेळ लागेल.

रात्री पेशंटच्या पायाची कळ गेलेली असते. लघवीचं मात्र आत्ता सांगता येत नाही. कदाचित आठवड्यात, कदाचित काही महिन्यांत, कदाचित पूर्ण नाहीच. तुम्ही तेच सांगता.

बाहेर त्याचे मामा उभे आहेत, निवृत्त शाळामास्तर. घरातलं अवघड काम त्यांच्यावर पडलंय. "सर, राग मानू नका. पण विचारतो. दहा वर्षांमागं ज्यांची पाठ तुम्ही कापलीत, त्यांचं आज कसं चाललंय?"

असा प्रश्न क्वचित कुणी विचारतं. फी विचारतात, टाके किती पडतील विचारतात, लेसरनं होईल का विचारतात. तुम्ही मास्तरांना केबिनमध्ये बसवता आणि संगणकावर यादी उघडता. ज्यांना फोन लागला त्यांच्या नोंदी आहेत, ज्यांचे नंबर बंद झाले त्यांच्यापुढं तसं लिहिलंय. ज्यांना तुम्ही ऑपरेशन नको म्हणालात त्यांचीही एक यादी आहे आणि तीही तितकीच लांब आहे.

"बसा मास्तर," तुम्ही म्हणता. "ज्यांना फरक पडला नाही, त्यांच्यापासून सुरुवात करतो."